शेळ्या-करडांना लस: कधी द्यायची, कधी थांबायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लसीबद्दल येणारे निम्मे प्रश्न "कितव्या महिन्यात कोणती लस?" असे असतात. त्यावर मी आधी एवढंच विचारतो, की करडाच्या आईला कोणती लस दिली होती आणि कधी? बहुतेकांची गाडी इथेच अडते. खालची बरीच उत्तरं याच प्रश्नापाशी परत येतात, म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. मी पशुवैद्यक नाही, शेळ्या पाळणारा आहे. डोस आणि वेळापत्रक कंपनीगणिक थोडं बदलतं. बाटलीसोबतचं पत्रक किंवा तुमचे डॉक्टर वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका.

1. लस खरंच द्यावीच लागते का? आमच्याकडे आजोबांच्या काळात कधी कुणी दिली नाही आणि कळप टिकला.

कळप टिकला, पण किती करडं गेली ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. संध्याकाळी उड्या मारणारं करडू सकाळी आडवं सापडलं की "काहीतरी विषारी खाल्लं असेल" म्हणून विषय संपायचा.

ठरवताना रोगांचे दोन गट करा. पहिल्या गटातले रोग बाहेरून, दुसऱ्या जनावराकडून येतात: पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा झपाट्याने पसरणारा विषाणूचा रोग), लाळ्या खुरकूत, देवी. तुमच्या भागात ते नसतील आणि तुम्ही बाहेरून जनावर आणत नसाल तर धोका कमी. दुसऱ्या गटातले जंतू आधीच घरात असतात, शेळीच्या आतड्यात किंवा गोठ्याच्या मातीत: आंत्रविषार, धनुर्वात. इथे "आमचा कळप कुणात मिसळत नाही" हे कारण चालत नाही.

आणखी एक फरक आहे. पीपीआरची लस बहुतेक शेळ्यांना दिली तर विषाणूला पसरायला जागा उरत नाही आणि न टोचलेल्या दोन-चार शेळ्याही वाचून जातात. आंत्रविषारात तसं होत नाही. ज्या शेळीला लस, तिलाच संरक्षण.

2. कमीत कमी कोणत्या लसी द्याव्यात?

आंत्रविषार आणि धनुर्वात जवळपास सगळीकडे. या दोन्ही बऱ्याचदा एकाच बाटलीत येतात. पीपीआर जिथे आढळतो तिथे तीही हवीच. बाकी लाळ्या खुरकूत, देवी, घटसर्प, सांसर्गिक फुफ्फुसदाह या लसी भागातली साथ बघून. त्यासाठी जवळच्या पशुवैद्यकाला एकच प्रश्न विचारा: "गेल्या तीन वर्षांत इथे शेळ्यांमध्ये काय काय सापडलं?" इंटरनेटवरच्या तक्त्यापेक्षा हे उत्तर जास्त कामाचं.

पीपीआरची नोंद पहिल्यांदा 1942 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये झाली. पुढे तो आफ्रिका, मध्यपूर्व आणि आशियाच्या मोठ्या भागात पसरला. 2024 मध्ये तर ग्रीस आणि रुमानियातही निघाला. याचा भाऊबंद असलेला गुरांचा बुळकांड्या रोग 2011 मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, आणि पीपीआर 2030 पर्यंत संपवायचं उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय संस्थांनी ठेवलं आहे. मात्र जो देश पीपीआरमुक्त आहे तिथे ही लस सहसा देत नाहीत. लस दिलेल्या शेळीच्या रक्तातली प्रतिपिंडं (रोगाशी लढायला शरीर बनवतं ती द्रव्यं) आणि रोग होऊन गेलेलीची प्रतिपिंडं नेहमीच्या तपासणीत वेगळी ओळखता येत नाहीत, त्यामुळे रोगावर नजर ठेवणं अवघड होतं. तेव्हा "मिळतेय तर देऊन टाकू" हा हिशेब इथे नको.

3. आंत्रविषार म्हणजे नेमकं काय? माझं सगळ्यात तगडं करडूच कसं मेलं?

तगडं होतं म्हणूनच. या रोगाचा जंतू, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स डी प्रकार, निरोगी शेळीच्या आतड्यातही थोड्या प्रमाणात मुक्कामाला असतो आणि एरवी त्रास देत नाही. एका दिवशी पोटात भरमसाट धान्य, पीठ, दूध किंवा पावसानंतरचा कोवळा लुसलुशीत चारा गेला, की न पचलेला स्टार्च लहान आतड्यात उतरतो आणि जंतूला मेजवानी मिळते. तो झपाट्याने वाढतो आणि विष सोडतो. ते विष आतड्यातल्या पाचकरसानेच आणखी जहाल होतं, रक्तात उतरतं आणि मेंदू-मूत्रपिंडापर्यंत पोचतं.

आता गव्हाणीपाशी उभं राहून बघा. खुराक टाकल्यावर सगळ्यांना ढकलून पुढे कोण घुसतं? दोन आयांचं दूध चोरून कोण पितं? कळपातलं सगळ्यात धट्टंकट्टं करडू. मरतुकड्याच्या वाट्याला तेवढा खुराक येतच नाही, म्हणून ते वाचतं. मोठ्या शेळीत हा रोग कधी कधी दोन-चार दिवस चालतो: पातळ, दुर्गंधी हागवण, पोटदुखीने ओरडणं, दूध एकदम आटणं. करडात बऱ्याचदा लक्षण दिसायच्या आत खेळ संपलेला असतो. मान मागे ताणलेली, पाय झाडल्याच्या खुणा मातीत.

यातला जंतू मारायला लस नसते, ती विषाविरुद्ध असते. म्हणून लस दिली तरी खाद्य बदलताना आठ-दहा दिवस घेऊन हळूहळूच बदलायचं.

4. करडाला पहिली लस कितव्या दिवशी द्यायची?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि एका ओळीत उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

शेळीच्या वारेतून प्रतिपिंडं गर्भाकडे जात नाहीत. करडू जन्मतं तेव्हा त्याच्याकडे स्वतःचं असं संरक्षण जवळजवळ नसतं. जे मिळतं ते चिकातून, आणि करडाचं आतडं ही प्रतिपिंडं आख्खी शोषून घेतं ते पहिल्या दिवसापुरतंच. तेही पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त, मग दार बंद होत जातं. म्हणून पहिला चीक जन्मल्यावर तास-दोन तासांत, आणि 24 तासांत वजनाच्या साधारण दहावा भाग. तीन किलोच्या करडाला 300 मिली, एकदम नाही, तीन-चार वेळा मिळून.

पण चिकात आईकडे असतं तेवढंच येणार. तिथून दोन वाटा फुटतात.

आईला व्यायच्या 4 ते 6 आठवडे आधी आंत्रविषार-धनुर्वाताची लस मिळाली असेल आणि करडाने पोटभर चीक प्यायला असेल, तर पहिले दोन-अडीच महिने ते बऱ्यापैकी सुरक्षित असतं. त्याला पहिला डोस साधारण 8 आठवड्यांचं झाल्यावर आणि बूस्टर, म्हणजे पुन्हा द्यायचा डोस, त्यानंतर 3-4 आठवड्यांनी. फार आधी टोचलं तर आईकडून आलेली प्रतिपिंडं लसीला आड येतात आणि डोस वाया जातो.

आईला लस दिलेली नसेल, किंवा ठाऊकच नसेल, तर एवढी वाट बघू नका. 3-4 आठवड्यांचं असताना पहिला डोस, 3-4 आठवड्यांनी दुसरा. एवढ्या लहान वयात शरीर लसीला मनापासून दाद देत नाही, म्हणून तीन-साडेतीन महिन्यांचं झाल्यावर आणखी एक द्यावा.

पीपीआर, देवी, लाळ्या खुरकूत यांचं गणित वेगळं. पीपीआर आणि देवीची लस जिवंत विषाणूची असते. आईची प्रतिपिंडं रक्तात असताना ती टोचली तर लसीतला विषाणू कामाला लागायच्या आतच मारला जातो. ही प्रतिपिंडं उतरायला तीन-चार महिने लागतात, म्हणून या लसी 3 ते 4 महिन्यांनंतर. लाळ्या खुरकूतची लस मेलेल्या विषाणूची असली तरी तिलाही साधारण तेवढंच वय, महिन्याभराने बूस्टर आणि मग दर सहा महिन्यांनी.

5. गाभण शेळीला लस चालते का? गाभ पडला तर?

आंत्रविषार-धनुर्वाताची लस गाभणपणीच, व्यायच्या 4 ते 6 आठवडे आधी द्यायची असते. ती आईसाठी जेवढी, तेवढीच चिकासाठी. शेळीला आयुष्यात ही पहिलीच वेळ असेल तर एका डोसवर भागत नाही. दोन डोस 3-4 आठवड्यांच्या अंतराने बसवा, दुसरा व्यायच्या महिनाभर आधी संपला पाहिजे. शेळीचा गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा. बोकड दाखवल्याची तारीख लिहिलेली असेल तर हिशेब सोपा. बोकड कळपात कायम मोकळा असेल तर मग कास भरताना बघून अंदाज करत बसावं लागतं.

जिवंत लसींबाबत सावध राहा. पीपीआरची लस गाभण शेळीला सुरक्षित असल्याचं प्रयोगांत दिसलं आहे, तरी गाभणपणाच्या सुरुवातीच्या आणि अगदी शेवटच्या दिवसांत बहुतेक डॉक्टर टाळतात. बऱ्याचदा लसीपेक्षा धावपळ, पकडापकडी, कुंपणावर आपटणं यामुळे गाभ पडतो आणि नाव लसीचं होतं. ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या जंतूची) आणि फाशीची (अँथ्रॅक्सची) लस गाभण शेळीला नाहीच (प्रश्न 17).

6. पत्रकावर वर्षातून एकदा लिहिलंय, तुम्ही आंत्रविषार सहा महिन्यांनी का सांगता?

बऱ्याच पत्रकांवरचं वेळापत्रक मेंढ्यांवरच्या अनुभवातून आलेलं असतं, आणि शेळी म्हणजे लहान मेंढी नव्हे. शेळीत या लसीची प्रतिकारशक्ती लवकर उतरते, शिवाय शेळीला रोगाचा आतड्यापुरता प्रकार होतो तो लस पूर्णपणे अडवतेच असं नाही. खुराकावर वाढवलेल्या, भरपूर दूध देणाऱ्या कळपाला सहा महिन्यांनी दिलेली बरी. रानात चरणाऱ्या, खुराक नसलेल्या शेळ्यांना वर्षातून एकदा, विण्याआधी दिली तरी बहुधा चालतं. पीपीआरची लस मात्र या उलट आहे: एक डोस किमान तीन वर्षं पुरतो.

7. बूस्टर चुकला. तीन आठवड्यांऐवजी दोन महिने झाले. आता पहिल्यापासून?

आठवडा-दोन आठवडे पुढे-मागे झाले तर देऊन मोकळे व्हा. दोन महिन्यांहून जास्त गेले असतील तर मी पुन्हा दोन डोसची जोडी करतो. मेलेल्या जंतूच्या किंवा विषापासून बनवलेल्या लसीत पहिला डोस शरीराला फक्त ओळख करून देतो, खरं संरक्षण दुसऱ्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी उभं राहतं. "एक टोचली होती की" म्हणणाऱ्यांच्या कळपातच जास्त मरतूक का होते, ते यावरून कळेल.

8. करडू चार किलोचं, शेळी चाळीस किलोची. दोघांना सारखाच डोस कसा?

हो, सारखाच. औषध रक्तात किती पसरेल यावर त्याचं प्रमाण ठरतं. लसीचं काम शरीराला जंतूची ओळख पटवणं, आणि त्याला वजन लागत नाही. पत्रकावर 1 मिली असेल तर 1, 2 असेल तर 2. "लहान आहे म्हणून अर्धीच दिली" म्हणजे न दिल्यासारखंच.

9. कुठे आणि कशी टोचायची?

बहुतेक लसी कातडीखाली. जागा मानेच्या बाजूला किंवा पुढच्या पायाच्या कोपरामागे, जिथे कातडी सैल असते. एका हाताच्या चिमटीत कातडी उचलून तंबू करायचा आणि त्याच्या पायथ्याशी सुई आडवी सारायची. सुई पलीकडून बाहेर आली तर हात ओला लागतो आणि लस केसांवर गेलेली असते. नवखा माणूस हे हटकून एकदा तरी करतो. 18 ते 20 गेजची, अर्धा ते पाऊण इंचाची सुई पुरते.

सुई दर जनावराला बदला. बाटलीतून लस ओढायला एक वेगळी सुई बुचात खोचूनच ठेवा, म्हणजे वापरलेली सुई पुन्हा बाटलीत जाणार नाही. जिवंत लस असेल तर सिरिंज, सुई किंवा बुचाला स्पिरिट-डेटॉल लावू नका, त्याने लसीतला विषाणूच मरतो. उकळून गार केलेली किंवा नवी सीलबंद वापरा.

10. टोचलेल्या जागी लिंबाएवढी गाठ आली. कापून काढू?

कापू नका. आंत्रविषाराच्या लसीत प्रतिसाद वाढवायला घातलेल्या द्रव्यामुळे शेळ्यांना अशी गाठ येते, हे नेहमीचं आहे. आठवड्यांत, कधी महिन्यांत बसते. गरम, दुखरी, पू धरलेली असेल किंवा शेळी खात नसेल तरच डॉक्टरांना दाखवा. लसीची जागा आणि बाजू वहीत लिहिलेली असेल तर पुढे मोठा फायदा होतो: जबड्याखाली किंवा खांद्यापुढे येणारी संसर्गाची गाठ आणि ही लसीची गाठ यांत घोळ होत नाही. प्रदर्शनात किंवा विक्रीला जाणाऱ्या जनावराला कोपरामागे टोचतात ते याच कारणाने, तिथे दिसत नाही.

11. लस फ्रिजमध्ये नेमकी कुठे ठेवायची? गोठली तर वितळवून चालेल का?

माझी एक आख्खी बाटली अशीच गेली. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. सकाळी बघतो तर काचेच्या आत पातळ बर्फाची कड. वितळल्यावर दिसायला ठीक वाटली, हलवल्यावर मात्र तळाशी चुरा बसायला लागला. टाकून दिली, आणि त्या दिवशी धरून बांधलेली चाळीस जनावरं तशीच सोडली.

आंत्रविषार, धनुर्वात, लाळ्या खुरकूत, घटसर्प या द्रवरूप लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये, मधल्या कप्प्यात. दारात नको, तिथे उघडझाप होते. गोठली की मेली. पीपीआर-देवीची लस मात्र सुकवलेल्या वडीच्या रूपात येते आणि तिला गोठणं मानवतं. लांबची साठवण उणे 20 अंशांवरच करतात. तिचा शत्रू गरमी. विरघळवायचं द्रावणही आधी गार करून घ्या. एकदा विरघळवली की बर्फावर ठेवून दोन तासांच्या आत संपवायची. उरलेली रात्रीसाठी, उद्यासाठी, शेजाऱ्यासाठी ठेवायची नाही.

12. माझ्या चारच शेळ्या, आणि बाटली 50 डोसची. काय करू?

आजूबाजूचे चार-पाच पाळणारे मिळून एक दिवस ठरवा. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. सगळ्यांची जनावरं आधी धरून-बांधून तयार, मगच बाटली फोडायची. एकमेकांच्या गोठ्यात जाताना चपला-बूट धुवा आणि सुया वेगळ्या ठेवा, नाहीतर लसीसोबत रोगही वाटला जाईल.

13. दोन-तीन लसी आणि जंताचं औषध एकाच दिवशी उरकलं तर?

जंताचं औषध आठ-दहा दिवस आधी द्या. जंतांनी पोखरलेलं, रक्त कमी झालेलं जनावर लसीला नीट दाद देत नाही. दोन वेगळ्या लसींमध्ये दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवायची पद्धत आहे आणि मी ती पाळतो. मुख्य कारण हे की काही बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळतं. दूर रानात कळप आणि वर्षातून एकदाच सगळे हाती लागणार, अशी अडचण असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एका दिवशी दोन बाजूंना दोन लसी देतात. दोन लसी एका सिरिंजमध्ये कधीच मिसळायच्या नाहीत.

14. शेळीला सर्दी आहे, देऊ का?

ताप बघा. शेळीचं तापमान साधारण 101.5 ते 103.5 फॅरनहाइट असतं, भर उन्हात किंचित वरही जातं. त्यापुढे असेल, खात नसेल, हागवण असेल तर थांबा. नुसतं नाक ओलं पण रवंथ चालू आणि खाण्यावर तुटून पडते आहे, अशा शेळीचं लसीकरण पुढे ढकलायचं कारण नाही. लांबच्या प्रवासाहून आलेली, नुकतीच व्यायलेली, आईपासून कालच तोडलेली: यांना आठवडा द्या.

15. लस दिल्यावर पाच मिनिटांत शेळी कोसळली. असं होतं?

क्वचित, पण होतं. धाप, तोंडाला फेस, थरथर, डोळे-ओठ सुजणं ही तीव्र ॲलर्जी. यावर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं आणि ते मिनिटांत लागतं. डॉक्टर यायची वाट बघण्याइतका वेळ नसतो. म्हणून लसीच्या आधीच डॉक्टरांकडून ते आणि त्याचा डोस लिहून घ्या. शेवटच्या जनावरानंतर निदान अर्धा तास कळपापाशीच थांबा. दुसऱ्या दिवशी थोडा ताप, सुस्ती, दूध किंचित कमी होणं हे मात्र नेहमीचं.

16. लस दिली होती तरी दगावली. लस बनावट होती का?

तशीही असू शकते, पण आधी स्वतःकडे बघू. बूस्टर झाला होता का (प्रश्न 7)? लस गरम झाली किंवा गोठली होती का (प्रश्न 11)? करडू फार लहान होतं का (प्रश्न 4)? टोचल्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच रोग आला का? आणि मेली ती त्याच रोगाने का? हागवण लागून मेलेलं करडू म्हणजे आंत्रविषारच असं नाही. कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी), जंत, अपचन, सगळ्यांचा शेवट वरून सारखाच दिसतो. शवविच्छेदन शक्य असेल तर लगेच करून घ्या. काही तासांतच आतडी कुजायला लागली की निदान हातातून जातं.

लाळ्या खुरकूतमध्ये आणखी एक भानगड आहे. या विषाणूचे सात प्रकार आहेत आणि एका प्रकारची लस दुसऱ्याला अडवत नाही. बाटलीत कोणते प्रकार आहेत आणि भागात कोणता फिरतोय, हे जुळावं लागतं.

17. शेजाऱ्याने फाशीची, कुणी माव्याची, कुणी ब्रुसेलाची लस दिली. मीही देऊ?

या तिन्ही लसी "असली तर बरी" म्हणून द्यायच्या नाहीत.

फाशीच्या जंतूचे बीजाणू मातीत दशकानुदशकं टिकतात, म्हणून जिथे हा रोग पूर्वी झाला आहे त्याच भागात लस देतात. ती जिवंत बीजाणूंची असते आणि शेळ्यांना तिची प्रतिक्रिया इतर जनावरांपेक्षा जोरात येऊ शकते. लसीच्या आगेमागे प्रतिजैविक दिलं तर लस मरते. गंमत म्हणजे लसीकरणाच्या इतिहासात शेळी पहिल्यापासून हजर आहे: 1881 मध्ये लुई पाश्चर यांनी फ्रान्समध्ये याच रोगाच्या लसीचा जाहीर प्रयोग केला, तेव्हा मेंढ्यांच्या दोन्ही गटांत एकेक शेळी होती. लस टोचलेली जगली, न टोचलेली मेली.

मावा म्हणजे ओठांवर-नाकपुड्यांवर खपल्या येणारा रोग. त्याच्या लसीत चक्क सौम्य न केलेला विषाणू असतो. कळपात मावा नसेल तर ही लस देणं म्हणजे रोग विकत आणणं. तो माणसाच्या बोटांनाही होतो, हातमोजे हवेत.

ब्रुसेलाची लस शेळीत गर्भपात घडवू शकते आणि चुकून सुई आपल्या हातात घुसली तर माणसाला तोच आजार होऊ शकतो. हे काम पशुवैद्यकाचंच, तेही ठरवून आखलेल्या मोहिमेत.

18. कळपात पीपीआर शिरला. आता टोचू?

ज्यांना ताप, डोळ्या-नाकातून घाण, तोंडात फोड, हागवण आहे त्यांना लसीचा उपयोग नाही. त्यांना लगेच वेगळं करा आणि डॉक्टरांना कळवा. अनेक देशांत या रोगाची माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे. निरोगी दिसणाऱ्यांना टोचायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. टोचलंच तर निरोगी आधी, दर जनावराला नवी सुई, आणि मनाची तयारी ठेवा: काहींच्या अंगात रोग आधीच मुरलेला असतो, ती लसीनंतरही आजारी पडतील. लसीचा जास्त फायदा आजूबाजूच्या अजून कोऱ्या कळपांना होतो.

आंत्रविषाराने एक-दोन गेली असतील तर पहिलं काम खुराक बंद करून कोरडा चारा टाकणं. मग लस. जिवावर बेतलेल्या करडासाठी तयार प्रतिविष (विष निकामी करणाऱ्या प्रतिपिंडांचं इंजेक्शन) मिळतं का ते डॉक्टरांना विचारा.

19. बाजारातून शेळी घेतली. विकणारा म्हणतो "सगळ्या लसी झाल्यात".

कागद नसेल तर काही झालं नाही असंच धरा. तीन-चार आठवडे वेगळी ठेवा, पहिला आठवडा फक्त विश्रांती आणि निरीक्षण, मग पहिला डोस. जादा लस टोचली गेल्याने सहसा काही बिघडत नाही.

20. खच्चीकरण आणि शिंगकळ्या जाळायच्या आहेत. धनुर्वाताचं काय?

आईला विण्याआधी लस आणि पोटभर चीक, तर पहिल्या काही आठवड्यांतल्या या कामाला बहुधा तेवढं संरक्षण पुरतं. नसेल तर त्याच दिवशी धनुर्वाताचं तयार प्रतिविष द्यावं लागतं. ते लगेच काम करतं, पण दोन-एक आठवडेच टिकतं. त्याच दिवशी टोचलेली लस वेळेवर जागी होत नाही. रबराची रिंग लावून केलेल्या खच्चीकरणात मेलेलं मांस आठवडे लोंबत राहतं आणि हवा न लागणाऱ्या जखमेत हा जंतू फोफावतो, म्हणून तिथे जास्त जपायचं. रिंग लावायची असेल तर बूस्टर पूर्ण झाल्यावर लावणं उत्तम.

21. करडाला चीक मिळालाच नाही. आता लसीचं वेळापत्रक कोणतं?

आईला लस होती तरी याच्यापुरती ती नव्हतीच. प्रश्न 4 मधली दुसरी वाट धरा. जन्मून काही तासच झाले असतील तर दुसऱ्या, लस झालेल्या आणि निरोगी शेळीचा चीक मिळवा. मी दर हंगामात चांगल्या चिकाच्या दोन-तीन छोट्या बाटल्या गोठवून ठेवतो. वितळवताना कोमट पाण्यात, उकळत्या नाही. उकळला की प्रतिपिंडं गेली.

22. शेळीला पिसाळलेलं कुत्रं चावलं तर?

जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हातमोजे घालून. त्याच दिवशी डॉक्टर. चावल्यानंतरच्या लसीचे ठराविक दिवसांनी अनेक डोस असतात, मधला सोडून चालत नाही. त्या शेळीच्या लाळेपासून आणि दुधापासून घरच्यांना लांब ठेवा.

23. लसीनंतर दूध प्यायचं का? बोकड कधी कापायचा?

पत्रकावर लिहिलेलं असतं. दुधाला बहुतेक लसींत बंदी नसते. मांसासाठी बऱ्याच पत्रकांवर 21 दिवस असतात.

24. नोंद काय ठेवू? ॲप घेऊ का?

वही पुरते. शेळीचा बिल्ला क्रमांक, लसीचं नाव, तारीख, कोणत्या बाजूला टोचली, बूस्टरची तारीख, बोकड दाखवल्याची तारीख, व्यायल्याची तारीख. करडाच्या पानावर आईचा क्रमांक सगळ्यात वर. बाटली संपली की तिचं लेबल ओलं करून सोलतो आणि त्या दिवसाच्या पानावर चिकटवतो. बॅच क्रमांक आणि मुदत हाताने उतरवताना माझ्याकडून नेहमी एखादा आकडा चुकतो.